डोहाला दिलेला पाय

वांगी निवडायला वाकलेली प्रयागबाई एकदम सरळ झाली. कुठून तरी वास आला होता. आदिलाबादच्या भाजीबाजारात वासांना तोटा नव्हता. कुजलेला कोबी, ऑटोंचा धूर, जिनिंगकडून येणारा ओल्या सरकीचा उग्र वास, सगळे तिच्या ओळखीचे होते आणि कशानेच तिचं नाक आता जागं व्हायचं नाही. हा वास मात्र शहरातला नव्हता. तो तिनं आयुष्यात एकदाच घेतला होता, मोठ्या दुष्काळात, बहात्तरच्या उन्हाळ्यात, जेव्हा माहेरचा डोह घोट्याएवढा उरला आणि त्यातल्या शिंपल्या तोंड वासून मेल्या. तिनं मान वळवली. मोसंबीवाल्याच्या गाड्याला लागून एक ऑटो उभा होता, मागं पोती रचलेली, पोत्यांतून काळं पाणी गळत होतं. प्रयागबाईनं वांगी तशीच टाकली, जवळ गेली आणि पोत्याच्या फाटक्या तोंडातून हात घातला. हाताला आली ती शिंपली चिंचोक्याहून जरा मोठी होती. अजून पाठ टणक झाली नव्हती, दाबली तशी मोडली.

ऑटोवाला महिपत तिच्या माहेरच्या गावचा, पेनगंगेच्या काठचा, जैनथच्या पलीकडचा. गावच्या लेकीला गावची पोरं आत्याच म्हणतात.

"महिपत, हे का व्हय रे?"

"शिंपल्या व्हय आत्या. मेलेल्या. कोंबड्यायच्या खाद्यासाठी भरडतेत मने तिकडं."

"कुठच्या?"

"कुठच्या मंजे? आपल्याच डोहातल्या. तुमच्या सुधाकररावनं नाई का जाळ्यात भरून टांगल्या मोत्यांसाठी? लई मेल्या बा. खालचा डोह असा गंधावला की म्हशीबी तोंड लावत नाईत."

"आन ह्या येवढ्याल्या? ह्या कोणं काढल्या?"

"बायायनं काढल्या. तुमीच पाय देल्ला, मंग कोण थांबते?"

"मी? मी कवा पाय देल्ला रे?"

महिपत हसला. म्हातारी थट्टा करते असं त्याला वाटलं. "घ्या! आता तुमीच इसरल्या. अख्ख्या गावाले ठावं हाये. आखाजीले देल्ला ना तुमी." आणि त्यानं ऑटो चालू करायची दोरी ओढली.

ती घरी कशी आली हे तिला नीट सांगता आलं नसतं. घर म्हणजे मुलाच्या, सुधाकरच्या किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्या आणि फरशीचं अंगण. अंगणात बसून ती हात धूत राहिली. साबणानं धुतले, राखेनं धुतले, वास गेला नाही. पाय देल्ला. तिच्या माहेरी हे दोन शब्द कुणी असे ऑटोच्या दोरीबरोबर ओढून टाकत नसत. नदी उन्हाळ्यात आटली की दोन डोह उरायचे, खडकाच्या वळणाखालचा वरचा डोह आणि बाभळीपाशी पसरलेला खालचा. भाजीचे मळे करपले की शिंपल्यांचं कालवण हेच गावाचं कोरड्यास. चुन्याला शिंपली, बाळाला दूध पाजायला शिंपली. पण गावातली एकही बाई टोपलं घेऊन आपल्या मनानं डोहात उतरायची नाही. आधी माहेरी आलेली लेक उतरायची. या काठापासून त्या काठापर्यंत ती अनवाणी, हळू चालायची, टाच दाबत. टाचेखाली शिंपलीला शिंपली लागून असली तर "उघडा" म्हणायची. मधे मधे नुसती वाळू लागली तर "बंद". बंद म्हणजे पुढल्या उन्हाळ्यापर्यंत बंद. पटेलानंही पुन्हा विचारायचं नाही. लहानपणी तिनं आजीला विचारलं होतं, लेकच काऊन? इथं राहणारी सून काऊन नाही? आजी सुपारी कातरत होती. म्हणाली, "लेकीचं पोट दुसऱ्या गावात व्हय माय. तिले इथच्या शिंपलीचा लोभ नाई. जिले खायचं हाये तिच्या पायाले वाळू कशी लागंन?"

प्रयागबाईनं पहिल्यांदा पाय दिला तो लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. त्या वर्षी गारपिटीनं मळे झोडपले होते आणि सगळं गाव डोहाकडं डोळे लावून होतं. थंड पाणी मांड्यांना लागलं, चिखल बोटांमधून वर आला, आणि मग टाचेखाली ती खरबरीत, कडक पाठ आली, एक, मग शेजारी दुसरी, मग काहीच नाही. वाळू. मऊ, बेशरम वाळू. तिला आठवतं, तिनं तीच जागा परत चाचपली होती, एखादी तरी लागावी म्हणून. काठावर आई उभी होती, टोपलं कमरेला. प्रयागनं "बंद" म्हटलं तशी आईनं तोंड फिरवलं. रात्री बाप जेवताना तिच्याशी बोलला नाही. भावाची नवी नवरी बयनाबाई, तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, ताटात भाकर टाकताना हळूच म्हणाली, "तुमचं का बाई, तुमी उद्या सासरी जासान. उपाशी त आमी." ती रात्रभर रडली होती. पण पुढच्या उन्हाळ्यात उतरली तेव्हा टाच टेकायला जागा नव्हती. सगळा तळ शिंपल्यांनी फरशीसारखा जडला होता. ती पाण्यात उभी राहून मोठ्यानं हसली, आणि काठावरच्या बाया तिचं हसणं ऐकूनच पाण्यात शिरल्या, ती "उघडा" म्हणायची वाटसुद्धा न पाहता. त्यानंतर किती उन्हाळे तिनं पाय दिला. नवरा गेला, भाऊ गेला, तरी आखाजीला माहेरी जायची, पाय द्यायची, एक आंबा खाऊन परतायची. शेवटची दोन वर्षं तेवढी जमलं नव्हतं.

आखाजी, अक्षय्य तृतीया. तिचे ओले हात मांडीवर तसेच राहिले. यंदाच्या आखाजीला सुधाकर सकाळीच कुठूनसा आला होता, घामाघूम, हातात पितळी घागर. "माय, बस पाटावर. पाय धुतो तुहे." तिनं नको नको म्हटलं. त्यानं परात आणली, तिचे पाय परातीत ठेवले, घागरीतलं पाणी ओतलं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत हातानं चोळलं, आपल्या टॉवेलनं पुसलं आणि वाकून डोकं टेकवलं. सून दारात उभी राहून पाहत होती. प्रयागबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाप गेल्यावर या पोरानं दुकान सांभाळलं, त्यात त्याच्या तोंडचं हसू गेलं, कधी जवळ बसला नाही, आणि आज पाय धुतो. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला होता. पाण्यात थोडी वाळू होती, तीही तिला दिसली होती. "नदीचं हाये का रे?" "हाव माय, आपल्या पेनगंगेचं." आणि तिला वाटलं होतं, पोराला माहेरचं पाणी आणायचं सुचलं.

आता अंगणात बसल्या बसल्या तिला त्या वाळूचा अर्थ लागला. डोहाचं पाणी, तिचे पाय. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्यानं गावात जाऊन शपथेवर सांगितलं असणार, मायच्या पायाले डोहाचं पाणी लागलं, माह्या हातानं लावलं. आणि बायांनी टोपली उचलली. तिला पुन्हा पुन्हा ते केस आठवत होते, बोटांना लागलेले, विरळ व्हायला लागलेले. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं? चोळताना तो टाच जरा जास्तच चोळत होता का? एखाद्यानं घरातलं काही चोरलं तर माणूस शेजारपाजार जमवतो. हे कुणाला सांगायचं? पोरानं माझे पाय धुतले हो, असं? तिचाच आखाजीचा आनंद त्यानं तिच्याकडून काढून विकायला नेला होता, आणि ती तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होती.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुधाकर गुळाच्या ढेपेवरच्या माशा वारत होता. ती काउंटरच्या आत कधी जायची नाही, आज गेली.

"सुधाकर, त्या शिंपल्या काऊन मेल्या?"

त्यानं वर पाहिलं. कुणी सांगितलं हे विचारलं नाही. "पह्यलं वर्ष हाये माय. मरतेत थोड्या. मूर्तीसाहेब मनतात, अंदाज यायले वेळ लागते."

"थोड्या? ऑटो भरून चालल्या."

"बरं, जास्त टांगल्या गेल्या. झालं? आता नवीन टांगू, वरच्या डोहातल्या. मूर्तीसाहेबाले अनुभव हाये. समुद्राकडं कोळंबीची शेती केली त्यायनं. वर्षानुवर्षं."

"मंग तिथं काऊन नाई करत?"

सुधाकरनं पुन्हा माशा वारल्या. मोत्यांच्या धंद्यासाठी आलेल्या या मूर्तीचं त्यानंच तिला मागं रंगवून सांगितलं होतं. तिकडं तळ्यांना लागून तळी खणली, एकेका तळ्यात कोळंबी दाटली, रोग पडला, खारं पाणी शेतात शिरलं, विहिरी गेल्या, आता ती तळी ओस पडलीत. "तिकडलं पाणी खराब झालं," तो म्हणाला.

"झालं का केलं?" तिचा आवाज चढला. "एक पाणी नासवून आला तो अनुभवी माणूस, आन तू त्याले माह्या मायचा डोह देल्ला! येवढ्याल्या पाण्यात किती जीव मावतेत हे पाह्यलं का कोणं?"

"माय, शिंपलीले का गवत लागते का पेंड? पाणीच पेते ते."

"नुसत्या पाण्यावर तू जगून दाखव. पाण्यातलं खाते ते. डोह साफ ठेवते. एका ताटावर अख्खं गाव बसवलं तर कोण जेवंन रे?"

"गावच्या बायायले रोजी भेटून राह्यली, ते नाई दिसत तुले. तू इथं बसून डोहाचे उमाळे आण." मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ झाला तशी तिला आता भीती वाटली. "रविवारी वरचा डोह उघडाचा हाये. बयनामामी मनते, या खेपेला प्रयागबाई खुद्द येवाव. जीप आणतो. येशील ना?"

वरचा डोह. खालचा उन्हाळ्यात वापरला तरी वरच्यातल्या शिंपल्यांवर तो भरून यायचा. वरचा संपला की भरून यायला काही उरतच नव्हतं. त्याला हे ठाऊक नसेल असं नाही. आईच्या माहेरी लहानपणी महिना महिना राहिला होता, त्याच पाण्यात डुंबला होता.

"येतो," ती म्हणाली. त्याला सुटल्यासारखं झालेलं तिला दिसलं, आणि पाय धुतानाही त्याचा चेहरा असाच होता हे तिला तेव्हा आठवलं.

जीपमध्ये ती मागं बसली. कापसाच्या काळ्या रानांतून रस्ता नांगरल्यासारखा चालला होता. दोन दिवस तिनं मनात एकच शब्द घोळवला होता, बंद. सगळ्यांसमोर, त्या मूर्तीसमोर, पोराच्या तोंडावर. शब्द इतका तयार होता की जिभेवर त्याची चव यायची. चौकटीला टेकलेला डावा पाय तिनं सहज पाहिला. चप्पल निसटून खाली पडली होती आणि तिला कळलंही नव्हतं. हे आजकाल व्हायचं. साखरेनं तळवे बधिर होतात असं डॉक्टर म्हणाला होता. तिनं ते घरात सांगितलं नव्हतं. फरशी गार आहे की गरम, हे ती हातानं पाहायची. तरी पाय द्यायची टाच ती हीच, हे पाण्यात उतरेपर्यंत तिच्या मनात येणार नव्हतं.

वरच्या डोहाच्या काठी बाया उभ्या होत्या, टोपली घेऊन. बयनाबाई पुढं झाली, पदर डोक्यावर, तीच बारीक डोळ्यांची. "आल्या का बाई? मले वाटलं, तुमी आता परातीतूनच पाय देता." दोघी-चौघी खुसखुसल्या. तिनं वहिनीच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणजे यांना तेव्हाच ठाऊक होतं. ठाऊक असून टोपली उचलली. मूर्ती खडकावर उभा होता, पँट दुमडून, घामेजलेला, हात जोडून. "अम्मा, बस पाँव लगा दो. पाँच मिनट का काम है." सुधाकरनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. तिनं ती ओलांडली आणि लुगडं वर खोवून पाण्यात शिरली.

गार पाणी पोटरीला लागलं, गुडघ्याला लागलं. त्याच्या खाली काही नव्हतं. तिनं टाच दाबली. पुन्हा दाबली. शरीराचं वजन खाली जात होतं आणि कुठं तरी थांबत होतं, एवढंच. कशावर थांबत होतं? शिंपलीवर, वाळूवर, कापसावर, काहीच उमटत नव्हतं. ती अर्ध्या डोहापर्यंत गेली. आयुष्यभर या पाण्यानं तिच्याशी टाचेतून बोलणं केलं होतं आणि आज ते बोलत होतं की नव्हतं हेही तिला कळेना. जिभेवर शब्द तयार होता. म्हणून टाकावं, बंद. कोण विचारणार? बंद म्हणणं खरंही असेल. पोराची तोंडावर जिरेल, त्या माणसाला पाणी सोडून जावं लागेल, आखाजीचं उट्टं निघेल. शब्द ओठापर्यंत आला, आणि मग तिला परात दिसली. पाणी डोहाचं, पाय आईचे, आणि मधे खोटं. आता पाणी डोहाचं, पाय तिचेच, आणि खोटं तिनं घालायचं. ज्या गोष्टीसाठी ती दोन दिवस जळत होती तीच करायला ती पाण्यात उभी होती. तिला स्वतःचाही संताप आला.

"माह्या पायाले काही कळत नाई," ती काठाकडं वळून मोठ्यानं म्हणाली. "बधिर झाले पाय. शिंपली हाये का वाळू, मले सांगता येत नाई."

सुधाकरनं श्वास सोडला. "मंग झालं ना. मी मनतच होतो, वय झालं मायचं. चला, उतरा वं."

"थांबा!" ती ओरडली. इतकी की खडकावरून एक बगळा उडाला. "गावच्या लेकी सरल्या का? देवका, तू काऊन मागं लपून राह्यली?"

बयनाबाईची लेक देवका माहेरी आलेली होती, बायांच्या मागं उभी. तिचा नवरा मूर्तीच्या बांबूंवर जाळ्या बांधायच्या कामाला होता. तोही तिथंच होता, खांद्यावर दोराचं वेटोळं.

"मले नका सांगू आत्या," ती म्हणाली. "आमचे मालक तिथं कामाले हायेत."

"लेक व्हय तू. उतर."

देवकानं आईकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. दोघांनीही तिच्याकडं पाहिलं नाही. मग ती उतरली. प्रयागबाई पाण्यात उभीच होती, तिच्या बाजूनं पोरगी गेली, टाच दाबत, पलीकडच्या खडकापर्यंत, आणि परत आली वेगळ्या वाटेनं. परतताना तिचा चेहरा रडवेला होता.

"आत्या, कडेकडेनं हायेत. मधात नुसती वाळू. का मनू?"

"मले नको इचारू."

देवका उभी राहिली. पाणी तिच्या कमरेभोवती हळू फिरत होतं. "बंद," ती म्हणाली, कुणालाच नीट ऐकू न जाईलसं. पण गेलं.

बायांनी टोपली डोक्यावर उपडी घेतली. कुणी म्हणालं, "म्हातारीनं पोटावर पाय देल्ला." देवकाच्या नवऱ्यानं दोर जमिनीवर आपटला आणि तो एकटाच चालू लागला. सुधाकर पाण्याच्या कडेपर्यंत आला, तिच्यावर खेकसला, "हे का पोरखेळ हाये? बाया नाई उतरल्या त भायेरची माणसं आणतो उद्या. चल, बस गाडीत." ती बसली नाही. जीप धूळ उडवत गेली. ती बयनाबाईच्या मागं मागं गावात गेली, कुणी या म्हटलं नाही तरी. रात्री वहिनीनं ताट वाढलं आणि भाकर जरा आपटूनच टाकली. "जावायचं काम गेलं. आता खा." प्रयागबाईनं भाकर खाल्ली. राग मोडला नव्हता. उलट तो आता कुणा एकावर उरला नव्हता. पोरावर होता, त्या माणसावर, परातीचं ठाऊक असून टोपली उचलणाऱ्या बायांवर, इतकी वर्षं हा डोह एकट्या लेकींच्या टाचांवर सोडून निवांत जेवणाऱ्या अख्ख्या गावावर, आणि घरी बसून पाय धुवून घेणाऱ्या स्वतःवर.

वरच्या डोहाकडं जायला एकच वाट, दोन्ही बाजूंनी बाभळीचं कुंपण, गाडी जेमतेम जाईल एवढी. सकाळी तिनं वहिनीकडून सूप आणि पसाभर तूर मागून घेतली आणि वाटेच्या मधोमध जाऊन बसली. दिवस वर आला. थोड्या वेळानं बयनाबाई आली, हातात तांब्या, तोंडानं पुटपुटत, "येवढ्या उन्हात मराले बसल्या. लोक मलेच नावं ठेवतीन." आणि तिच्या शेजारी बसून, "सरका थोड्या," म्हणत तिनं सूप आपल्याकडं ओढलं.

जीप वळणावर आली, मागं अनोळखी माणसं, टोपली, दोर. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. सुधाकर उतरून आला. त्याची सावली सुपावर पडली.

"माय, ऊठ."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिची नजर त्याच्यामागं, थरथरणाऱ्या बॉनेटवर होती. इंजिन चालूच होतं. ते थांबेपर्यंत तिला कुणाशीच काही बोलायचं नव्हतं.